पोपड्यांवरचा रंग

ओझरला होडी? होय, ओझरलाच. आमच्या बाणगंगेत वैशाखात कोंबडीचे पाय भिजायचे नाहीत. अशा गावी एका शाळामास्तराच्या अंगणात तेरा फुटी शिडाची होडी पालथी पडलेली पाहून येणाराजाणारा हसतो. हसण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हसून झाल्यावर मिळणाऱ्या सल्ल्याला. "मास्तर, खरवडत कसले बसलात? वरून फायबर मारून टाका. दोन दिवसांचे काम, मग दहा वर्षे बघायला नको!"

या 'बघायला नको'शीच माझे भांडण आहे.

होडी एंटरप्राइज जातीची. 1956 साली इंग्लंडात जॅक होल्टने आखलेल्या नमुन्यावरची, प्लायवूडची. आपल्याकडे एन.सी.सी.च्या नौदल शाखेतली मुले याच जातीच्या होडीवर शीड सांभाळायला शिकतात. माझी मुंबईहून ट्रकवर आली. जुनी, पण तळ कसा पांढराशुभ्र, गुळगुळीत! कोणीतरी वरून फायबरचा लेप चढविला होता आणि मीही त्या गोऱ्या रंगाला भुललो. दोन हिवाळे माझी मुलगी आणि भाचा यांना तिच्यात बसवून धरणाच्या पाण्यावर नेले. गेल्या माघात मुलगी एकाएकी म्हणाली, "बाबा, पाय ओले झाले." पाणी ओंजळभरच होते आणि काठ जवळ होता, एवढेच आमचे नशीब. घरी आणून होडी पालथी घातली आणि पेचकसाच्या मुठीने तळ वाजवीत गेलो. सगळीकडे टणटण, मधल्या पात्याच्या पेटीपाशी मात्र भिजल्या ढोलकीसारखा ढब्ब आवाज. लेपाची कड उचकटली तर तो चटईसारखा सोलून आला. खाली प्लाय काळे पडलेले, वास ओल्या गोणपाटाचा. टोचा लावला तो आरपार गेला. या जागेवर भाचा मांडी घालून बसत असे.

आता यात चूक फायबरची आहे काय? मुळीच नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई'चे अंग लाकडाच्या पट्ट्यांचे आणि त्यावर फायबरचेच आहे. 2009 साली ती पाण्यात उतरली. तिच्यातून दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी तर वाटेत कोठेही न थांबता. परंतु तिथे कोऱ्या, कोरड्या लाकडावर लेप चढला होता. आमचे सल्लागार तो चढवू पाहतात जुन्या, ओल्या लाकडावर, आणि तोही स्वस्तातल्या पॉलिएस्टर राळेने, जी लाकडाला मुळात नीट धरत नाही. लाकूड ओल पिऊन फुगते, उन्हाने आकसते. लेप काही त्याच्याबरोबर हलत नाही. एखाद्या स्क्रूच्या भोकातून आत शिरलेल्या पाण्याला मग बाहेरची वाट उरत नाही. ओल वीस टक्क्यांच्या वर टिकली की कुजविणारी बुरशी आपल्या कामाला लागते. वरून तळ चकचकीतच!

कोकणातल्या कोळ्याला हे शिकवावे लागले नाही. त्याची लाकडी होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढली जाई, झावळ्यांनी शाकारली जाई. मग खरवडून, सांध्यांत कापूस ठासून, तेल पाजून नारळी पौर्णिमेला तिला पुन्हा समुद्र दाखवायचा. दरसाल तो तिचे अंग न् अंग हाताखालून घाली. आमच्या गावाला तर विमानांचा कारखाना 1964 पासून आहे. तिथे उभी हयात काढलेले आमचे शेजारी माझी खरवडणी पाहून एवढेच म्हणाले, "विमान मोठ्या दुरुस्तीला आले की आम्ही आधी रंगच उतरवायचो. तडा रंगाखाली लपतो." हसले नाहीत ते एकटेच.

तेव्हा चैत्रापासून मी खरवडतो आहे. कोरडा पॉलिशपेपर मात्र मी फिरवीत नाही. पाण्यात भिजवून घासतो, आणि नाकाला मुसके. घरच्या रंगातले शिसे लाखात नऊ भागांवर आणणारा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ अंगणात, मुलांच्या नाकातोंडात उडवायची नाही. कुजके प्लाय चांगले लागेपर्यंत कापून काढले. मग महिनाभर नुसते वाळवणे. ओझरचे ऊन इथे उपयोगी पडले, बाकी उपद्रवच. वाटीत कालविलेले इपॉक्सी भर दुपारी हातातच तापून दगड होते. दोन वाट्या घालविल्यावर कळले, की ते पहाटे, थोडे थोडे आणि पसरट ताटलीत कालवावे. नव्या तुकड्याच्या कापलेल्या कडांना आधी ते पोटभर पाजावे, कारण प्लाय पाणी पिते ते कडांनीच. मग लांबी, मग प्रायमर.

आणि वाचकहो, हसणाऱ्यांच्या घरी मी परवाच जाऊन आलो. दिवाळीची रंगरंगोटी चालली होती. न्हाणीमागच्या भिंतीला पुरुषभर ओल. तिचे पोपडेसुद्धा न काढता रंगारी वरून ब्रश ओढीत होता. गळका नळ भिंतीतच आहे. "पाहुणे येण्याआधी उरकायचे आहे," यजमान म्हणाले. मी बोटाने एक पोपडा काढून दाखविला, तर वहिनींचा चहा थंडच आला.

आमच्या घराला यंदा रंग नाही. त्याचे पैसे प्लायमध्ये गेले, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते इथे छापण्याजोगे नाही. होडीचे शेवटचे दोन हात राहिले आहेत, ते भाऊबीजेनंतर. तोवर ती पडवीत पालथी आहे आणि मुलीने तिच्या तळावर पणत्या मांडायचे ठरविले आहे. मी नको म्हटले. प्रायमर अजून पुरता वाळलेला नाही.