सळई कोणाची, डोके कोणाचे?

परवा आमच्या अभ्यासिकेत एक गंमत झाली. गंमत म्हणावी की लाज, हे वाचकांनीच ठरवावे. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मित्राने साडेचारशे रुपये मोजून एक नवे पुस्तक आणले. संध्याकाळी तेच पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एका ॲपवरून आम्हा सर्वांच्या फोनमध्ये फुकट येऊन पडले. पैसे मोजणारा बावळट ठरला आणि वादाला तोंड फुटले. गुन्हा कोणाचा? पुस्तक टाकणाऱ्याचा, उतरवून घेणाऱ्या आमचा, की ज्यांनी हे यंत्र बनवले त्यांचा?

एकजण म्हणाला, "आपल्या एम.आय.डी.सी.त सळया तयार होतात. त्या सळईने कोणी डोके फोडले, तर कारखानदाराला बेड्या घालणार काय?" दाखला जालनेकराला शोभेसाच होता! आणि तो अगदीच पोरकट नव्हे. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असेच काहीसे म्हटले. घरबसल्या चित्रपट टेप करणाऱ्या व्हिडिओ यंत्राबद्दल चित्रपट कंपन्यांनी सोनीला कोर्टात खेचले होते. यंत्राचा रास्त उपयोगही भरपूर आहे, तेव्हा निव्वळ ते विकले म्हणून सोनी दोषी नाही, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. मात्र २००५ साली त्याच न्यायालयाने ग्रोकस्टरला सोडले नाही. कारण गाणी-चित्रपटांच्या चोरट्या देवघेवीसाठीच लोकांनी ते सॉफ्टवेअर वापरावे, असे प्रोत्साहन त्याच्या कर्त्यांनी दिले होते.

पण मला सळईचा दाखला एका ठिकाणी लंगडा वाटतो. सळई ट्रकमध्ये भरली की कारखान्याचा तिच्याशी संबंध संपतो. ॲपचा कर्ता मात्र जागचा हलत नाही. फाइल त्याच्याच गोदामात असते, चॅनेल त्याच्याच दारात भरते आणि ते बंद करण्याची कळही त्याच्याच हाती असते. मग 'मला काय ठाऊक?' हे उत्तर किती दिवस चालावे?

आपल्याकडे यावर बरीच काथ्याकूट झाली आहे. टी-सिरीज विरुद्ध मायस्पेस या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितले, की कोठेतरी चोरी होत असेल अशी मोघम जाणीव पुरेशी नाही; नेमक्या कृतीची माहिती मिळूनही ती काढली नाही, तर जबाबदारी येते. पुढे नीतू सिंग या स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिकेची पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामवर फिरू लागली. चॅनेल बंद केले की दुसरे उघडे! ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांचा तपशील उघड करण्यास फर्मावले. माहिती सिंगापूरमध्ये आहे, तेथील कायदा आड येतो, ही सबब चालली नाही.

मला ही वाट योग्य वाटते. कर्त्याला प्रत्येक फाइलसाठी आधीच दोषी धरले, तर तो भीतीपोटी सरसकट सारेच अडवील. मग आमच्या सरांनी स्वतः लिहून पाठवलेल्या टिपणांनाही कुलूप बसेल. कायद्याने अध्यापनासाठी मोकळीक ठेवली आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ साली न्यायालयाने तीच मोकळीक उचलून धरली. ती यंत्राला कशी कळावी? पण सांगितल्यावरही जो डोळे मिटतो, किंवा त्या गर्दीवरच गल्ला भरतो, त्याला सोडू नये.

आता आमचे काय? मंठा-परतूरकडून येणाऱ्या मुलाला साडेचारशे रुपये म्हणजे खाणावळीचे कित्येक दिवस. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी ते पुस्तक लिहिणाराही कोणी मास्तरच असणार. अभ्यासिकेत वर्गणी काढून दोन प्रती आणाव्यात, असे मी सुचवले. चौघांनी पैसे दिले. बाकीच्यांनी फोन उघडून वाचन सुरू केले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही फोनमधून ती फाइल अजून गेलेली नाही.