शिबिर संपले, पुढे काय?

रमजान ईदनंतर एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मोहल्ल्यात जमातीने एक दिवसाचे मोफत आरोग्य शिबिर घेतले होते. मंडप, बॅनर, पाहुण्यांचे सत्कार, सगळे रीतसर झाले. सासूबाईंची साखर बरीच जास्त निघाली, डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. ‘अकराव्या दिवशी कुणाकडे जायचे?’ एवढाच त्या भगिनींचा प्रश्न आहे.

अशा शिबिरांत मीही टेबल मांडून बसलो आहे, म्हणून हा प्रश्न मला जरा लागला. मोतीबिंदू शोधायला शिबिर उत्तम. पण मधुमेह आणि ब्लड प्रेशर ही दुखणी दुखतच नाहीत. गोळी चार महिने बंद असली तरी माणूस चालतो, स्वयंपाक करतो, नमाज पढतो, आणि एक दिवस अर्धांगवायूने आडवा होतो. या आजारांना एक दिवसाचा डॉक्टर नको, रोज उघडणारे दार हवे.

असे एक दार लॉस एंजेलिसमध्ये आहे. 29 एप्रिल 1992 रोजी, रॉडनी किंग नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला झालेल्या मारहाणीच्या खटल्यात पोलीस सुटले आणि शहराचा दक्षिण भाग पेटला. पन्नासहून अधिक माणसे मेली. तेव्हा तिथल्या दोन वैद्यकीय विद्यापीठांत शिकणाऱ्या काही मुस्लिम विद्यार्थ्यांच्या मनात आले की निषेधाचे पत्रक काढण्यापेक्षा या वस्तीत दवाखाना काढावा. जागा, परवाने, पैसा यांत चार वर्षे गेली. 1996 मध्ये ‘युनिव्हर्सिटी मुस्लिम मेडिकल असोसिएशन’चा दवाखाना सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की नाव होते ‘उम्मा’. पण रांगेत बसणारे बहुतेक लोक मुस्लिम नाहीत. ते आहेत लॅटिनो आणि कृष्णवर्णीय कष्टकरी.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात याची गरज का पडावी? तिथे उपचार विम्यावर चालतात आणि बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो. नोकरी छोट्या हॉटेलात किंवा बांधकामावर असेल, नाहीतर कागदपत्रे नसतील, तर विमा नाही. 1965 पासून वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आहे, 2010 मध्ये ओबामांच्या काळात नवा कायदा आला, तरीही 2023 मध्ये सुमारे 2 कोटी 60 लाख माणसे विम्याविना होती. 1986 च्या कायद्याने इस्पितळाच्या तातडीच्या विभागाला कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. पण ते दार जीव जायची वेळ आली की उघडते. आणि नंतर बिल येतेच. रोजची गोळी त्या दारातून मिळत नाही. नेमकी ही मधली जागा मोफत दवाखाने भरून काढतात.

‘उम्मा’चे मला सर्वांत भावते ते हे की स्वयंसेवेच्या उत्साहावर तो थांबला नाही. संध्याकाळी येऊन तपासणारे डॉक्टर हवेतच. त्यांच्यावर खटला झाला तर संरक्षण मिळावे अशी तरतूद अमेरिकेच्या 1996 च्या एका कायद्यात आहे. पण स्वयंसेवकाची बदली होते, लग्न होते, मन उडते. ‘उम्मा’ने पुढे, 2008 च्या सुमारास, सरकारी अनुदान मिळणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्राचा दर्जा घेतला. त्याबरोबर नियमही आले. फी कुटुंबाचे उत्पन्न आणि माणसे पाहून ठरते, आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. शिवाय अशा केंद्राच्या कारभारी मंडळात निम्म्याहून अधिक सभासद तिथले रुग्णच असावे लागतात. आपल्या ट्रस्टींची यादी डोळ्यांसमोर आणा. गोळ्यांसाठी रांगेत उभी राहिलेली एक तरी बाई तिच्यात दिसते का?

आता आपल्या घरी येऊ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे. ऑपरेशन, डायलिसिस, इस्पितळात भरती यांसाठी त्यांचा मोठा आधार आहे. कार्ड काढले नसेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी ते काढा. पण रोजची गोळी आणि दर तीन महिन्यांची रक्ततपासणी हा खर्च या योजनांत मुख्यतः बसत नाही. सरकारी दवाखाना सकाळी असतो, आणि हातगाडीवाला सकाळी दवाखान्यात बसला तर त्याचा दिवस बुडतो. म्हणून मोहल्ल्यातला दवाखाना मगरिब ते इशा चालवावा, असे माझे मत आहे. जागा मदरशाची एक खोलीही चालेल. बायकांना बसायला आडोसा हवा. सामान म्हणजे बीपीचे यंत्र, साखरेचे यंत्र, वजनकाटा आणि रजिस्टर. यांत रजिस्टर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे. कोण आले यापेक्षा कोण यायचे थांबले हे त्यातून कळते, आणि मग एखादी मुलगी त्या घराचे दार वाजवू शकते. मधुमेहाची आणि बीपीची साधी औषधे जन औषधी केंद्रात खूपच स्वस्त मिळतात. खरा खर्च भाडे आणि पगार यांचा.

इथे जकातीचा प्रश्न येतो, आणि बहुतेक जमाती तो टाळतात. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. घाटावरचे बहुसंख्य हनफी असोत की कोकणातले आपले शाफई, उलेमांचे सर्वसाधारण मत असे की जकात हकदाराच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणजे गरजू रुग्णाच्या हातात औषध दिले तर जकात अदा होते, पण कंपाउंडरचा पगार किंवा विजेचे बिल तिच्यातून देता येत नाही. काही समकालीन आलिम याबाबत थोडी सवलत मानतात. आपल्या मुफ्तींना जरूर विचारा. शेजारच्या गैरमुस्लिम विधवेचे औषध नफली सदक्यातून देता येते, त्यात अडचण नाही. सारांश, पेट्या दोन ठेवाव्या लागतात आणि हिशेबही दोन. कोण हकदार हे नाव नोंदवतानाच, एकांतात, विचारून घ्यावे. चारचौघांत ‘तुम्ही जकात घेता का’ असे विचारलेली बाई पुन्हा येत नाही. हे मी पाहिले आहे.

दुसरी अडचण अशी की जकात रमजानमध्ये येते आणि बीपी बारा महिने असते. मोहरम उजाडेपर्यंत पेटी रिकामी. जुन्या लोकांना हे समजले होते. कैरोत सुलतान कलावूनने 1284 मध्ये बीमारिस्तान बांधले, तेव्हा त्याच्या खर्चासाठी मिळकती वक्फ करून दिल्या. रुग्णांना उपचार मोफत होते. आपल्याकडे एखाद्या गाळ्याचे भाडे दवाखान्याच्या नावे लावता आले तर कंपाउंडरचा पगार सुटतो. तेही नसेल तर वीस घरांनी दरमहा ठरावीक रक्कम, लिल्लाह म्हणून. शिबिराच्या मंडपाला आणि सत्काराच्या शालींना किती गेले, तो आकडा एकदा या आकड्याशेजारी मांडून पाहावा.

त्या भगिनींना उत्तर पत्राने पाठवले आहे, इतरांच्या उपयोगाचे तेवढे इथे देतो. शिबिराची चिठ्ठी आणि आधार कार्ड घेऊन सासूबाईंना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. एखादे औषध तिथे शिल्लक नसेल तर त्याचे मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि जन औषधी केंद्रात विचारा. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जा. आणि जमातीच्या पुढच्या बैठकीला तुमचे पत्र पाठवून द्या, मला लिहिले होते तसेच.