पानाचा निरोप

पान झाडाचें अन्न तयार करितें, एवढें पाठ करून आम्ही परीक्षेस बसतों. परंतु फुलण्याची वेळ ओळखण्याचें कामही पानाकडेच असतें, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थीबंधूंच्या कानीं गेलेलें नसतें. आणि तें कसें उमगलें हा इतिहास तर, आमच्या मतें, प्रत्येक प्रयोगवहीच्या आरंभीं लावण्याजोगा आहे.

इ. स. १९३६ च्या सुमारास मिखाइल चैलाख्यान या आर्मेनियन शास्त्रज्ञानें शेवंतीच्या शेंड्याकडील पानें खुडून टाकिलीं. खालच्या पानांस आंखूड दिवस व उघड्या शेंड्यास लांब दिवस मिळेल अशी योजना केली, तों शेंड्यास फुलें आलीं! योजना उलट केली, तेव्हां तीं आलीं नाहींत. पानांतून कांहीं निरोप वर जात असला पाहिजे असें अनुमान करून त्या अज्ञात द्रव्यास त्यानें 'फ्लोरिजेन' हें नांव दिलें. पुढें सत्तर वर्षें तें कोणास वेगळें काढितां आलें नाहीं. कित्येकांनीं तर तें काल्पनिकच ठरविलें.

२००५ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला कीं, फुलण्याच्या जनुकाची आरएनए ही नक्कलच शेंड्याकडे जाते. मोठी वाहवा झाली. परंतु कांहीं आंकडे गाळले गेले होते व कांहींस वाजवीपेक्षां अधिक वजन दिलें गेलें होतें, असें आढळून आल्यावरून २००७ सालीं तो निबंध मागें घेण्यांत आला. त्याच वर्षीं जर्मनींतील कोलोन येथें ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळांतील रोपट्यावर व जपानांतील नारा येथें भातावर काम करणाऱ्यांनीं दाखविलें कीं, तो निरोप्या म्हणजे एक चिमुकलें प्रथिन होय. ॲराबिडॉप्सिसच्या या प्रथिनांत अवघीं १७५ अमायनो आम्लें; आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनमध्यें चार साखळ्या मिळून ५७४ असतात. योग्य लांबीचा दिवस आला कीं तें पानांत तयार होतें, अन्नवाहिन्यांतून शेंड्यास पोंचतें आणि तेथील दुसऱ्या प्रथिनांशीं जोडी जमवून फुलांचीं जनुकें जागीं करितें. एकट्यानें त्याचें कांहीं चालत नाहीं. चैलाख्यान मात्र १९९१ सालींच निवर्तला होता.

आम्हांस त्या मागें घेतलेल्या निबंधाचें विशेष वाटतें. आमच्या प्रयोगशाळेंत काय चालतें? उत्तर पुस्तकांतून आधीं उतरावयाचें व निरीक्षणें मागाहून त्यास जुळतीं करावयाचीं! न जुळणाऱ्या आंकड्यावर रबर फिरतें, आणि गुणही त्याच वहीस मिळतात. गुरुजनांस हें ठाऊक नाहीं असें नाहीं. तो आंकडा तसाच ठेवून खालीं "असें कां झालें?" एवढें लिहिणाऱ्यास निदान दोन गुण अधिक मिळावे, अशी आमची मागणी आहे. शिवाय बागेंत शेवंती आहेच. पुढील जूनमध्यें शाळा उघडतांच तिच्या शेंड्याकडील पानें खुडण्याची परवानगी द्यावी. खालच्या पानांवर घालावयाचें काळें कापड आम्ही घरून आणूं.