वह्या जाळू नका, डॉक्टरांना दाखवा

लिहिणे ही चांगली सवय. बियाणे-खताचा खर्च, दुधाचा हिशेब, गाय कधी व्याली याची नोंद ठेवणारा शेतकरी शहाणाच म्हणावा. पण घरातले माणूस रात्र-रात्र जागून पानामागून पान लिहू लागले, कागद संपल्यावर खताच्या पिशवीवर लिहू लागले आणि थांबवू म्हटले तरी थांबेना, तर ती सवय राहिली नाही. ते मेंदूच्या विकाराचे लक्षण असू शकते. डॉक्टर त्यास ‘हायपरग्राफिया’ म्हणतात.

१९७४ साली अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ स्टीफन वॅक्समन व नॉर्मन गेश्विंड यांनी फेफऱ्याच्या काही रोग्यांत हे लक्षण नोंदवले. हे फेफरे कानशिलाच्या आतील मेंदूच्या भागातून उद्भवते. त्यात माणूस पडून हातपाय झाडतोच असे नाही. पोटातून काही वर चढल्यासारखे वाटते, एकाएकी भीती दाटते. मग मिनिट-दोन मिनिटे तो टक लावून बघतो, तोंडाने मचमच करतो, हाकेला ओ देत नाही. नंतर त्याला ते आठवतही नाही. अशा रोग्यांच्या लेखनात पुष्कळदा देव, पाप-पुण्य, जगाचा अर्थ हेच विषय येतात. उन्मादाच्या मनोविकारातही असे अतिलेखन दिसते.

येथेच आपल्या घरांत घोटाळा होतो. वहीत देवाचे नाव दिसले की कोणी साक्षात्कार म्हणतो, कोणी भूतबाधा. तिसरा लाजेपोटी वह्या चुलीत घालतो. आमच्या मते तिन्ही वाटा चुकीच्या. बैल आजारी पडला तर वैरण कधीपासून सोडली, हे आपण पशुवैद्याला नीट सांगतो. मग माणसाविषयी का लपवावे? लेखन कधी सुरू झाले, झोप किती, झटका किती वेळ टिकला, हे सांगा आणि वह्याही न्या. प्रार्थना अवश्य करा. परंतु तिच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. योग्य औषधाने फेफऱ्याच्या दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात.

फेफऱ्याचे एक कारण तर आपल्याच हाती आहे. डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेत त्या कृमीची अंडी असतात. ती पाण्यातून, कच्च्या भाजीतून पोटात गेली तर मेंदूत गाठी होतात. डुकराचे मांस न खाणाराही यातून सुटत नाही. म्हणून संडास वापरा, हात साबणाने धुवा, भाजी स्वच्छ धुवा, मांस पुरते शिजवा, डुकरे मोकळी सोडू नका.

पुष्कळ लिहिणारा प्रत्येक जण आजारी नसतो आणि फेफऱ्याचा प्रत्येक रोगी लिहीत सुटत नाही. निदान डॉक्टरांनीच करावे. झटके थांबूनही लिहिण्याची ओढ उरली, तर त्या माणसाची थट्टा करू नका. त्याला नवी वही आणून द्या आणि रात्री वेळेवर झोपायला लावा.