मैदान नसलेला कप्तान



गेल्या महिन्यात आमच्या शाळेचा खो-खोचा संघ केंद्राच्या स्पर्धेत हरला. तोही अवघ्या एका गुणाने! दुसऱ्या दिवशी आमचा कप्तान माझ्या टेबलापाशी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला कप्तानी नको. हरलेल्या संघाला कप्तान लागतोच कशाला?"

खरं सांगते, मला चटकन उत्तर सुचलं नाही. "उद्या सांगते," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जगाचा नकाशा टांगला आणि वर्गाला एका फुटबॉल खेळाडूची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

नकाशात युरोपातला स्पेन देश शोधा. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रान्सच्या सीमेला लागून बास्क लोकांचा प्रदेश आहे. त्यांची भाषा स्पॅनिशपेक्षा अगदी वेगळी. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं अजून जुळलेलं नाही! इथल्या बिल्बाओ शहरात ६ मार्च १९०४ रोजी होसे अंतोनिओ आगिरे यांचा जन्म झाला.

घरच्यांचा धंदा कसला, ठाऊक आहे? चॉकलेटचा! सुटलं ना तोंडाला पाणी? पण होसेचं बालपण काही नुसतं गोड नव्हतं. तो भावंडांत थोरला. सोळा वर्षांचा असतानाच वडील वारले आणि घराची जबाबदारी त्याच्यावर आली. तरी त्याने कायद्याचा अभ्यास सोडला नाही, आणि फुटबॉलही सोडला नाही. बिल्बाओचा प्रसिद्ध संघ म्हणजे अॅथलेटिक क्लब. बास्क मातीतल्या खेळाडूंनाच घ्यायचं, ही या संघाची रीत आजही चालू आहे. १९२०नंतरच्या काही वर्षांत होसे या संघातून खेळला.

पुढे ते राजकारणात शिरले. १९३१ साली, वयाच्या २७व्या वर्षी, ते गेचो या गावाचे महापौर झाले आणि मग स्पेनच्या संसदेतही निवडून गेले. बास्क लोकांना आपला कारभार आपण पाहू द्या, ही त्यांची मागणी होती.

१९३६च्या जुलैमध्ये स्पेनच्या काही सेनाधिकाऱ्यांनी सरकारविरुद्ध बंड केलं. पुढे जनरल फ्रँको त्यांचा म्होरक्या झाला. देशात यादवी युद्ध पेटलं. त्या धामधुमीतच बास्क प्रदेशाला स्वतःचं सरकार मिळालं. ७ ऑक्टोबर १९३६ रोजी आगिरे यांनी गेर्निका गावच्या जुन्या ओक वृक्षाखाली शपथ घेतली. आपल्याकडे पूर्वी पारावर गाव जमायचा ना, तशा बास्क लोकांच्या सभा शेकडो वर्षं तिथे भरत आल्या होत्या. आगिरे बास्क सरकारचे पहिले प्रमुख झाले. वय फक्त ३२!

आता संघ मिळाला होता, कप्तान मिळाला होता. पण मैदान हातचं जायला लागलं होतं.

२६ एप्रिल १९३७. सोमवार, गेर्निकाचा बाजाराचा दिवस. फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. गाव जळून गेलं. पिकासोने काढलेलं 'गेर्निका' हे जगप्रसिद्ध चित्र याच घटनेवरचं. ओकचं झाड मात्र वाचलं.

आणि योगायोग पाहा. त्याच दिवशी पॅरिसमध्ये एक बास्क फुटबॉल संघ आपला पहिला सामना खेळत होता. आगिरे यांच्या सरकारनेच तो परदेशी धाडला होता. निर्वासितांसाठी पैसे जमवायचे आणि 'आम्ही कोण आहोत' हे जगाला दाखवायचं, हा त्यामागचा हेतू. स्पॅनिश लीगमध्ये लागोपाठ तीन वर्षं सर्वांत जास्त गोल करणारा लांगारा या संघात होता. युरोपभर खेळून हा संघ मेक्सिकोला गेला आणि तिथल्या लीगमध्ये चक्क दुसरा आला! घरी परतायला मात्र त्यांना वाट उरली नव्हती.

त्या मे महिन्यात 'आबाना' नावाच्या बोटीने जवळजवळ ४ हजार बास्क मुलं इंग्लंडला पाठवण्यात आली. बॉम्बपासून जीव वाचावा म्हणून. तुमच्याएवढीच मुलं होती ती. आईवडील मागे, बंदरावर. १९ जूनला बिल्बाओ पडलं. आगिरे यांचं सरकार नऊ महिनेसुद्धा आपल्या भूमीवर टिकलं नाही.

ते परदेशी गेले. पण १९४०च्या मे महिन्यात ते बेल्जियममध्ये असतानाच हिटलरच्या फौजा तिथे घुसल्या. पकडले गेले असते तर काय झालं असतं? कॅटलोनियाच्या सरकारचे प्रमुख कोंपानीस यांना जर्मनांनी फ्रान्समध्ये पकडून फ्रँकोच्या हवाली केलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

आगिरे यांनी मग मिशा वाढवल्या, चष्मा चढवला. पनामाच्या एका वकिलाने, म्हणजे त्या देशाच्या परदेशातल्या प्रतिनिधीने, त्यांना मदत केली. 'डॉ. आल्वारेस' या खोट्या नावाचे कागद खिशात घालून ते निघाले. कुठे? तर थेट बर्लिनला, हिटलरच्या राजधानीत! सिंहाला त्याच्याच गुहेत कोण शोधणार? १९४१च्या जानेवारीपासून मेपर्यंत ते तिथे राहिले. मग स्वीडनमार्गे बोटीने ब्राझील आणि तिथून न्यूयॉर्क.

तिथे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकवलं आणि देशोदेशीच्या नेत्यांना भेटून आपल्या लोकांची बाजू मांडली. ना सैन्य, ना खजिना, ना जमीन. तरी वकिली चालूच! महायुद्ध संपल्यावर पॅरिसहून त्यांनी हेच काम केलं. फ्रँको आता जाईल, असं त्यांना वाटत होतं. पण तो गेला नाही. १९५१ साली पॅरिसमधली बास्क सरकारची इमारतही त्यांच्या हातून काढून घेतली गेली. १९५५ मध्ये फ्रँकोच्या स्पेनला संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळाली. आगिरे हरतच होते. पण कप्तानी त्यांनी सोडली नाही. २२ मार्च १९६० रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. आपली सत्ता आपल्या भूमीवर परतलेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

इथे वर्ग अगदी गप्प झाला. एक मुलगी म्हणाली, "मग बाई, ते हरलेच की!"

थांबा, गोष्ट संपली नाही. त्यांच्यानंतर लैसाओला या सहकाऱ्याने ती कप्तानी खांद्यावर घेतली. १९७५ साली फ्रँको वारला. १९७९ मध्ये बास्क प्रदेशाला पुन्हा स्वतःचा कारभार मिळाला आणि लैसाओला मायदेशी परतले. आगिरे जर १९३७ सालीच 'मला नको' म्हणाले असते, तर पुढे द्यायला त्यांच्या हातात काही उरलं असतं का? आजही तिथला सरकारप्रमुख गेर्निकाला जाऊन, त्याच ओकच्या वंशातल्या झाडाखाली शपथ घेतो.

आमचा कप्तान त्या दिवशी काही बोलला नाही. पण सोमवारी मी शाळेत पोचले, तर तो मैदानावर फक्कीने रेघा आखत होता. दोघं जण खांब धरून उभे होते. मीही काही विचारलं नाही.

आता तुमच्यासाठी काम. नकाशावर बिल्बाओ, बर्लिन, स्वीडन, ब्राझील, न्यूयॉर्क आणि पॅरिस शोधून आगिरे यांचा प्रवास पेन्सिलीने जोडा.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे बरं का! मूल हरून घरी आलं, तर "का हरलास?" असं लगेच विचारू नका. "उद्या सराव किती वाजता?" एवढंच विचारा.