नातीच्या हातचे साखरपाणी



नवरात्र आले की आमच्या फुलसावंगीत माहूरगडाचे वेध लागतात. रेणुकामातेचे ठाणे आम्हांला जवळचे. घरोघरी घट बसतात, अखंड दिवा तेवतो आणि माझ्यासारख्या अनेक वृद्ध स्त्रिया नऊ दिवसांचा उपवास धरतात. चाळीस वर्षे मीही तो धरला. गेल्या वर्षी पाचव्या माळेला मात्र जे घडले, ते आज आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

त्या सकाळी स्नान आटोपून मी सवयीने मधुमेहाची गोळी घेतली. पोटात अन्नाचा कण नव्हता. पोथी उघडून बसले आणि थोड्याच वेळात अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, अक्षरे डोळ्यांपुढे फिरू लागली. शेजारणी धावत आल्या. ‘देवी आली,’ असे म्हणून कुणी कुंकवाचा करंडा आणला, कुणी पायांवर डोके ठेवले. खरे सांगते, त्या भ्रमातही मला ते सुखावून गेले. आयुष्यभराची सेवा रुजू झाली, असे वाटले.

नववीत शिकणारी माझी नात तेवढ्यात पुढे आली. तिने माझ्या कपाळाला हात लावला. घाम गार होता. साखर तपासण्याचे यंत्र आणून तिने बोटाला सुई टोचली. आकडा आला ५८. ती कुणावर ओरडली नाही, कुणाच्या श्रद्धेला हसली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘आजी, देवी आली असेल, तर तीही पाच दिवसांची उपाशी आहे. तिला आधी साखरपाणी घेऊ दे.’’ आणि पेला माझ्या ओठांशी धरला. पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा साखर तपासली आणि मग मला पोटभर जेवू घातले.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ती ७०च्या खाली गेली, की घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन ते चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती अद्याप कमीच असल्यास पुन्हा तेवढीच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साबुदाणा आणि बटाट्याच्या फराळाने याच्या उलट साखर एकदम चढते, हेही मला तेव्हाच कळले. उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि आपल्या मनाने गोळी सोडू नये अथवा वाढवू नये.

जीव वाचला, तरी त्या सायंकाळी माझे मन रुष्टच होते. जिला मी शुभंकरोती शिकवली, तिने चारचौघांत माझे व्रत मोडावे? घटापुढे बसून मी हीच तक्रार देवीला सांगत होते. सांगता सांगता माहूरचेच दुसरे शिखर डोळ्यांपुढे आले, दत्तात्रेयांचे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. आपल्या परंपरेत तो अवधूत म्हणजे श्रीदत्तच. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंमध्ये पृथ्वी आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे आणि एक लहान मूलही आहे. मुलाकडून अवधूत काय शिकला? मान आणि अपमान या दोहोंची बाधा न होणे. प्रत्यक्ष दत्तगुरूंनी बालकाला गुरू मानले आणि मी मात्र नातीच्या हातचे पाणी घेताना मानापमान मोजत बसले होते! त्या रात्री तिला जवळ घेतले. माझ्या डोळ्यांतील पाणी तिनेच पुसले.

काळजीवाहू मंडळींना एक विनंती. आम्हां वृद्धांचे व्रत म्हणजे आमच्या हाती उरलेली थोडीशी सत्ता असते. ‘हे थोतांड बंद करा,’ असे कुणी म्हटले, की आम्ही अधिक हट्टाला पेटतो आणि मग लपून उपाशी राहतो. माझ्या नातीने देवीला घरातून घालवले नाही. देवीसाठीच पेला भरला. शाळेत मिळालेली माहिती अनेक मुलांजवळ असते. ती समोरच्याचे मन न दुखावता कशी द्यावी, ही समज वयाबरोबर उमलत जाते. ती उमलताना पाहणे हे आम्हां आजीआजोबांचे भाग्य होय.

आणि समवयस्कांनो, यंदाही माझ्या घरी घट बसतील, दिवा तेवेल, रोज एक माळ चढेल. मी मात्र वेळेवर जेवीन, वेळेवर गोळी घेईन आणि नऊ दिवस कठोर शब्दांचा उपवास धरीन. नैवेद्याचे ताट नात वाढणार आहे. देवीपुढे ठेवून झाले, की पहिला घास तिच्याच हातून घेईन.