फिजिक्स ‘मायनर’ला नको, हे कुणी ठरवलं?

औशात बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुला-मुलींना घरात आणि गल्लीत एकच सल्ला मिळतो: मेजर केमिस्ट्री घ्या, बॉटनी घ्या, पण मायनरला फिजिक्स नको. गणितं असतात, मार्क जातात.

असा सल्ला देणाऱ्यांत जलशाच्या माईकवर इब्न अल-हैसमचं नाव छाती फुगवून घेणारेही आहेत. बसऱ्याच्या या माणसाने हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर ‘किताबुल मनाझिर’ लिहिली, तीही प्रयोगाच्या आधारावर. त्याचं नाव घ्यायचं आणि आपल्या मुलीला प्रयोगशाळेपासून लांब ठेवायचं, हा कसला अभिमान?

हिशेबच करायचा तर शासनाचा २० एप्रिल २०२३ चा निर्णय बघा. चार वर्षांच्या पदवीत १६० ते १७६ क्रेडिट, त्यात मायनरचे १८ ते २०. जेमतेम नववा हिस्सा. एवढ्याने कुणाचं करिअर बुडत नाही. शिवाय लातूरच्या क्लासमध्ये ‘नीट’साठी दोन वर्षं हाच विषय घोकलेला असतो. नंबर लागला नाही म्हणून तो टाकून का द्यायचा?

आपल्या गावाशी फिजिक्सचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी किल्लारीला जावं. आपल्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. यापेक्षा मोठ्या भूकंपांत इतरत्र कमी माणसं दगावली आहेत. इथे जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. जमीन हलली की जितकं वस्तुमान जास्त, तितका भिंतीवरचा जोर जास्त, आणि माती तो पेलू शकत नाही. हा न्यूटनचा नियम आहे, अवकाशयानापुरता राखून ठेवलेला नाही.

खरा अडथळा वेगळाच. कुठे शिक्षकाची जागा रिकामी, कुठे प्रयोगशाळेला कुलूप, मग मायनरच्या यादीतून विषयच गायब. मुलगा बस धरून लातूरला जातो. मुलीला मात्र “जे आहे ते घे” म्हणतात. विद्यार्थ्यांनी मागितलंच नाही, तर कॉलेज तरी कशाला सोय करील?

तेव्हा प्रवेशाआधी पालकांनी स्वतः जाऊन विचारावं: फिजिक्स मायनरला आहे का, शिकवणार कोण, प्रॅक्टिकल आठवड्यात किती? “नाही” म्हणाले तर मुला-मुलींच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांकडे द्यावा, एक प्रत नांदेडच्या विद्यापीठाला पाठवावी, आणि दोन्हीकडची पोच घ्यावी.